गाडी रात्री कुठे उभी राहते?

नव्याने येणाऱ्या मोटारींचे आज ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. काही पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवर चालतात, काही निव्वळ विजेवर, आणि हायब्रिड गाड्या इंजिन व विजेची मोटर दोन्ही बाळगतात. गाडी घेताना किंमत, रूप आणि एका चार्जिंगमध्ये ती किती धावते याची चौकशी आधी होते. मुंबईत गिरगावातल्या ठाकूरद्वारसारख्या चाळींच्या वस्तीत त्याही आधी ठरवायचे ते गाडी रात्री कुठे उभी राहणार हे.

विजेच्या गाड्यांची मोठी घडामोड महाराष्ट्रातच झाली आहे. टाटांची नेक्सॉन जानेवारी २०२० मध्ये विजेवर आली, ती रांजणगावच्या कारखान्यातून. तेव्हा तिच्या बॅटरीत सुमारे ३० युनिट वीज मावत असे. २०२४ च्या आवृत्तीत ४५ मावते. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रांच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाल्या. त्यांच्या बॅटऱ्या ५९ आणि ७९ युनिटांच्या आहेत. पेट्रोलच्या सांगाड्यात बॅटरी बसवण्याऐवजी त्यांचा सांगाडाच विजेसाठी आखलेला आहे, त्यामुळे तळाशी बॅटरी सपाट बसते आणि आत ऐसपैस जागा मिळते. जून २०२५ मध्ये टाटांची हॅरियर विजेवर आली, तर १९९१ मध्ये पहिल्यांदा आलेल्या सिएराचीही विद्युत आवृत्ती टाटांनी जाहीर केली आहे. मारुतीची पहिली विद्युत मोटार, ई-विटारा, ऑगस्ट २०२५ पासून गुजरातमधल्या हंसलपूरला तयार होऊ लागली.

आता चार्जिंगचा हिशेब. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, घरच्या वीजबिलातले तेच युनिट. गीझर लावतो तशा जाड पिनांच्या प्लगमधून तासाला साधारण तीन युनिट गाडीत जातात. ४५ युनिटांची रिकामी बॅटरी भरायला या हिशेबाने पंधरा तास लागतात आणि ऐकणाऱ्याला धडकी भरते. पण शहरात रोज तीस-पस्तीस किलोमीटर फिरणारी गाडी पाच-सहा युनिटच खाते. तेवढी वीज दोन तासांत परत भरते. म्हणून रोजच्या वापराला बॅटरीच्या आकारापेक्षा हाताशी असलेला प्लग अधिक मोलाचा ठरतो.

आणि ठाकूरद्वारला अडते ते इथेच. झावबावाडीत किंवा फणसवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याचा मीटर जिन्याखाली असतो, आणि गाडी जागा मिळेल तिथे, कधी दोन गल्ल्या सोडून. गॅलरीतून खाली वायर सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पावसात भिजणारी, पायांखाली येणारी वायर जिवावर बेतू शकते, शिवाय जुन्या चाळीचे वायरिंग असा भार तासन्‌तास सोसण्यासाठी केलेले नसते. रस्त्यावर गाडी ठेवणाऱ्याला सार्वजनिक चार्जरवरच विसंबावे लागते. वीज शहराला अपुरी पडते असे नाही. इथे वीज पुरवणाऱ्या बेस्टच्याच विजेवर मुंबईत १९०७ पासून १९६४ पर्यंत ट्राम धावल्या आणि आता दुमजली वातानुकूलित बस धावतात. त्या बसना रात्री आगाराचे छप्पर मिळते, चाळकऱ्याच्या गाडीला ते नाही.

साध्या हायब्रिडला प्लग लागत नाही, म्हणून तिचा विचार इथे गांभीर्याने व्हायला हवा. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या २०२२ मध्ये आलेल्या गाड्यांच्या हायब्रिड प्रकारात बॅटरी एवढीशी असते, की तिच्यात एक युनिटही मावत नाही. ठाकूरद्वारच्या नाक्यावर सिग्नल लागला की इंजिन आपोआप बंद होते. ब्रेक दाबताना चाकांच्या गतीची ऊर्जा वाया न जाता मोटरमधून बॅटरीत साठते, आणि हिरवा दिवा लागल्यावर गाडी त्याच विजेवर आवाज न करता सरकते. गाडी जितकी थांबत-थांबत चालेल, तितका हा फायदा उठून दिसतो. चाचणीत या गाड्यांनी लिटरला जवळपास २८ किलोमीटर दिले. प्रत्यक्ष रस्त्यावर आकडा कमी होतो, तरी साध्या पेट्रोल गाडीहून तो बराच वर राहतो.

कराचे पारडे मात्र विजेकडे झुकते. विद्युत मोटारीवर जीएसटी ५ टक्के आहे; या मापाच्या हायब्रिडवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. हिरव्या पाटीच्या, म्हणजे विजेच्या गाडीला अटल सेतूवर टोलही माफ आहे. इंधन वाचवणाऱ्या गाडीवर एवढा कर असावा, हे गिरगावातल्या मध्यमवर्गीय ग्राहकाला जड जाते.

अरुंद गल्लीचा विचार करून केलेल्या गाड्याही आहेत. एमजीची कॉमेट तीन मीटरपेक्षा कमी लांबीची आहे. पुण्याच्या वायवे मोबिलिटीने जानेवारी २०२५ मध्ये ईव्हा ही छोटी गाडी मांडली. तिच्या टपावरच्या सौरपट्ट्या वर्षाला तीन हजार किलोमीटरपर्यंतची वीज देतील, असे कंपनी सांगते. उन्हात उभी राहिलेली गाडी स्वतःपुरती थोडी वीज मिळवते, एवढ्यावरूनही ही कल्पना रस्त्यावरच्या गाडीसाठी लक्ष ठेवण्याजोगी आहे.

गिरगावात चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत. पुनर्विकासाची बोलणी चालू असलेल्या चाळीतील रहिवाशांनी वाहनतळातला चार्जिंगचा वीजभार, प्रत्येक जागेपर्यंतची केबल आणि स्वतंत्र मीटरची सोय करारनाम्यातच लिहून घेणे इष्ट. इमारत पूर्ण झाल्यावर भिंती फोडून केबल टाकायची, तर तो खर्च सभासदांच्या माथी येतो.