जपानी भांडवल परदेशी का जाते?



परदेशी कारखाना उभारणे खर्चाचे व जोखमीचे काम असते. मायदेशी माल तयार करून जहाजाने पाठविणे त्याहून सोपे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मक्तेदार कंपन्यांनी प्रामुख्याने हाच मार्ग पत्करला होता. मग त्या बाहेर का पडल्या? यजमान देशाच्या विकासासाठी, असे उत्तर सहसा दिले जाते. खरे उत्तर जपानी भांडवलशाहीच्या अंतर्विरोधांतच शोधावे लागते.

पहिले कारण श्रमशक्तीच्या किमतीचे. १९६० नंतरच्या दशकात जपानमध्ये कामगारांचा तुटवडा भासू लागला, वेतने वाढली. कापड व विद्युत् उपकरणांचे उद्योग तैवान, दक्षिण कोरिया, थायलंडकडे वळले. डॉलरला ३६० येन हा १९४९ पासूनचा दर १९७१ मध्ये मोडला. येन महागला आणि स्थलांतराला वेग आला. मायदेशी मागे पडत चाललेले उद्योग जपान बाहेर धाडतो व त्यामुळे उभयपक्षी व्यापार वाढतो, असे अर्थतज्ज्ञ कियोशी कोजिमा यांनी मांडले. त्यात तथ्यांश आहे. परंतु त्या व्यापाराचा लाभ कोणाच्या पदरी पडतो? जानेवारी १९७४ मध्ये पंतप्रधान तानाका बँकॉक व जाकार्ता येथे गेले, तेव्हा विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन हाच प्रश्न विचारला.

दुसरे कारण कच्चा माल व ऊर्जा. १९७३ च्या तेलसंकटानंतर जपानमध्ये वीज महागली आणि ॲल्युमिनियम गाळणे परवडेनासे झाले. १९७५ मध्ये उत्तर सुमात्रातील असाहान प्रकल्पाचा करार झाला. जलविद्युत इंडोनेशियाची, बरेचसे ॲल्युमिनियम मात्र जपानला. हा प्रकल्प पूर्णपणे इंडोनेशियाच्या मालकीचा होण्यास २०१३ साल उजाडले.

परंतु केवळ स्वस्त श्रम व कच्चा माल पाहून भागत नाही. अमेरिकेत मजुरी स्वस्त नव्हती, तरीही होंडाने १९८२ मध्ये ओहायोत मोटारी बनविण्यास प्रारंभ केला. कारण १९८१ मध्ये अमेरिकेच्या दडपणाखाली जपानी मोटारींची निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर रोखली गेली होती. भिंतीबाहेरून माल जात नसेल तर भिंतीच्या आत कारखाना घालावा, हा तो हिशेब. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर सुमारे २४० येनांचा डॉलर १९८८ पर्यंत सुमारे १३० येनांवर घसरला. निर्यात आणखी महागली आणि भांडवलाचा ओघ अमेरिका, युरोप व आग्नेय आशियाकडे वाढला.

भारतातही संरक्षित बाजारपेठेचेच आकर्षण होते. १९८२ च्या करारान्वये सुझुकीने सरकारी मारुती उद्योगात २६ टक्के भाग घेतला. २००२ मध्ये तिच्याकडे बहुमताची मालकी आली.

ह्या व्यवहारात कारखाना परदेशी जातो. संशोधन व गुंतवणुकीचे मुख्य निर्णय बहुतांशी मायदेशीच राहतात. लाभांश व तंत्रज्ञानाचे शुल्क तिकडे परत जाते. म्हणून जपानी कामगाराच्या हाती ते लागतेच असे नाही. उद्योग बाहेर गेल्याने येणाऱ्या पोकळपणाला जपानीत 'कुदोका' म्हणतात, आणि त्याची झळ त्यालाच बसते. तेव्हा थायलंडचा कामगार त्याची नोकरी हिरावतो, हे म्हणणे खोटे आहे. दोघांचा मालक एकच असतो.

प्रत्येक नव्या कराराविषयी म्हणूनच विचारले पाहिजे: तंत्रज्ञान खरोखर हाती येते काय, सुटे भाग कोठे बनतात, नफा कोठे जातो आणि कामगारांना संघटनेचा हक्क मिळतो काय? गुंतवणुकीचा आकडा कितीही मोठा असो, त्याची परीक्षा ह्याच प्रश्नांवर व्हावयास हवी.