हाती असलेले दिवस



११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात पदवीदान समारंभ झाला आणि आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांतच गेलं होतं. तेव्हा लागलेली वैद्यकाची ओढ त्यांना समुद्रापार घेऊन गेली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक ठरली होती. पण क्षयानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. पदवी हाती येऊन वर्षही झालं नव्हतं. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आज तुमच्या पदवीदानाच्या दिवशी हे कशाला, असं पालकांना वाटेल. पण आयुष्य थोडं आहे हे ऐकायचं तर ते पुढचे बेत ठरवण्याआधी ऐकावं. आणि मला खरं बोलायचं आहे ते त्या समारंभाला मुद्दाम इंग्लंडहून आलेल्या दुसऱ्या बाईबद्दल, पंडिता रमाबाईंबद्दल.

रमाबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. आई, वडील आणि थोरली बहीण यांना त्यांनी दुष्काळात, अन्नावाचून जाताना पाहिलं होतं. ज्या भावाबरोबर देशभर पायपीट केली तो १८८० साली गेला. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा पटकीनं गेला आणि मांडीवर वर्षाचीही न झालेली मुलगी मनोरमा राहिली. आयुष्य क्षणभंगुर आहे हे त्यांना कुणी प्रवचनातून शिकवण्याची गरज नव्हती.

पण मृत्यू जवळून पाहिला म्हणजे शहाणपण येतंच असं नाही. त्यानं माणूस कडवट होतो, नाहीतर मिळेल ते ओरबाडायला लागतो. रमाबाईंचं तसं का झालं नाही, याचं उत्तर मला त्यांच्या श्रद्धेत दिसतं. मी स्वतः ख्रिस्ताला मानतो, म्हणून हे उत्तर मला जवळचं आहे. तुमच्यापैकी अनेकजण वेगळ्या श्रद्धेचे आहेत. आनंदीबाईही अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्यानं तसूभरही कमी होत नाही.

इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी रमाबाईंना लंडनच्या फुलम भागातला एक आश्रम दाखवला. समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेनं सांभाळत होते. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. येशू थकून विहिरीपाशी बसला आहे. पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई भर दुपारी पाणी भरायला येते. तो तिच्याकडे पाणी मागतो आणि बोलत बसतो. शिष्यांना आश्चर्य वाटतं. शास्त्रं मुखोद्गत असलेल्या त्या विदुषीला या गोष्टीनं आतून हलवलं. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तरी प्रश्न विचारणं त्यांनी सोडलं नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. पुढे, बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, ख्रिस्त सापडायचा राहिला. पदवीधरांनी ही ओळ वहीत लिहून ठेवावी असं मला वाटतं. विषय येणं वेगळं आणि त्यानं आपलं जगणं बदलणं वेगळं.

आणि तो ख्रिस्त तरी किती जगला? तेहेतीस वर्षं, असं परंपरा सांगते. त्यात लोकांमध्ये काम केलं ते जेमतेम तीन वर्षं. मागे घर नाही, मालमत्ता नाही, स्वतः लिहिलेलं पुस्तक नाही. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की देव स्वतः असं तोकडं आयुष्य जगला आणि तरुणपणी मेला, आणि थडगं हा त्याचा शेवट ठरला नाही. हे खरं असेल तर आयुष्य लहान म्हणून वाया गेलं असं म्हणता येत नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पुनरुत्थानाबद्दल इतकं सगळं लिहितो आणि शेवटी येतो तो कामावर: नेटानं काम करा, प्रभूसाठी केलेले श्रम फुकट जात नाहीत. बायबलमधलं नव्वदावं स्तोत्रही माणसाच्या सत्तर-ऐंशी वर्षांचा हिशेब मांडतं आणि देवाकडे जास्त वर्षं मागत नाही, आहेत ती मोजायची अक्कल मागतं.

रमाबाईंनी ती कशी मोजली? आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. लहानपणी आपल्या घरावर आलं होतं तेच या मुलींवर आलेलं त्यांनी ओळखलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं.

मला सगळ्यात थक्क करतं ते त्यांचं शेवटचं काम. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं, आणि जिला ‘पंडिता’ पदवी मिळाली तिनं ते मुद्दाम साध्या भाषेत आणलं, फारसं न शिकलेल्या बाईला वाचता यावं म्हणून. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. दुष्काळातून वाचलेल्या, तिथेच अक्षरओळख झालेल्या बाया खिळे जुळवत होत्या. शिशाचा एकेक उलटा काना, मात्रा, वेलांटी शोधून ओळ बांधायची, पान बांधायचं, छाप घेऊन तपासायचा, चूक निघाली की ओळ पुन्हा सोडवायची. असं एक पुस्तक नाही, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सहासष्ट पुस्तकं. वर्षानुवर्षं.

हे चालू असताना, जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्थेची धुरा तिच्याकडेच जायची होती. रमाबाईंनी अनुवाद सोडला नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं १९२४ मध्ये.

मुलांनो, तुम्ही पगार, घर, बढती यांचे बेत कराल. जरूर करा, आईवडिलांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या आहेत. केडगाव पुण्याहून सोलापूरच्या रेल्वेमार्गावर, दौंडच्या अलीकडे आहे. मुक्तीचं काम तिथे अजून चालू आहे. नोकरीवर रुजू होण्याआधी एक दिवस काढून तिथे जाऊन या. मनात जे प्रश्न उठतील, माझ्या श्रद्धेच्या विरोधातलेही, ते घेऊन माझ्याकडे या. आपण निवांत बोलू.