बाबूजी आणि आपलं सिल्वासा



सुधीर फडके, आपले बाबूजी, १९५४ साली पोर्तुगिजांशी लढायला इथे आले होते, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे का? गाणारा माणूस! जिंकू हा विश्वास होताच. पण शस्त्रांना पैसा लागतो. पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम ठेवून तो उभा केला. मग राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे अशा सोबत्यांबरोबर भर पावसाळ्यात ही मोहीम! २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं.

आठ महिन्यांत आकाशवाणीवर गीतरामायण सुरू. पुढे सावरकरांवरच्या चित्रपटासाठी वर्षानुवर्षे लोकवर्गणी गोळा करत हिंडले. २००१ला तो पडद्यावर आला, तेव्हा बाबूजी ८२ वर्षांचे होते.

आज आरतीनंतर त्यांचं एक गाणं म्हणूया?