मूत्रपिंडविकार आणि ‘चांगले’ कोलेस्टेरॉल

मूत्रपिंडाचा जुनाट विकार म्हटला की डायलिसिसचे यंत्र डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत, डायलिसिसची पाळी येण्यापेक्षा हृदयविकाराने व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू ओढवण्याचा संभव अधिक असतो. रक्तदाब व मधुमेह ही त्याची कारणे खरीच. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही.

रक्तातील एलडीएल हे कोलेस्टेरॉलवाहक कण रक्तवाहिनीच्या भित्तीत शिरतात आणि तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. तेल खवट व्हावे, तशीच ही क्रिया. बिघडलेले कण विशिष्ट पेशी गिळंकृत करतात व भित्तीत मेदाचे थर साचतात. ज्याला ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल हा मेद यकृताकडे परत नेते. शिवाय त्याच्यावरील पॅराऑक्सोनेज नावाचे विकर एलडीएलचे हे खवटणे रोखते.

मूत्रपिंडांचे कार्य मंदावले की या विकराची क्रियाशीलता घटते. शरीरातील दाहामुळे निर्माण होणारी काही प्रथिने एचडीएलवरील जागा बळकावतात. पहारेकरी हजेरीपटावर असतो, पण पहारा ढिला पडतो! प्रयोगशाळेच्या नेहमीच्या अहवालात मात्र केवळ हजेरीच मोजली जाते. म्हणून एचडीएलचा आकडा समाधानकारक दिसला तरी अशा रुग्णाने निर्धास्त राहणे योग्य नव्हे.

केवळ आकडा वाढवूनही भागत नाही. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल भरघोस वाढले, तरी मृत्यू वाढल्यामुळे २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. त्या औषधाने रक्तदाबही वाढत असे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

तूर्त भर आहे तो एलडीएल कमी करण्यावर, आणि तेही वेळीच. जर्मनीत डायलिसिसवरील १,२५५ मधुमेही रुग्णांना स्टॅटिन गटातील औषध देऊन पाहिले; २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लक्षणीय लाभ आढळला नाही. उलट, सुमारे ९,३०० मूत्रपिंडरुग्णांच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शार्प’ चाचणीत रक्तवाहिन्या चोंदल्याने उद्भवणारे हृदयाघातासारखे गंभीर प्रसंग सुमारे एकषष्ठांशाने घटले. त्यांतील दोनतृतीयांश रुग्ण डायलिसिसवर नव्हते.

विकार प्रारंभी मुका असतो. गावातील आरोग्य शिबिरात रक्तदाब व साखर पाहिली जातेच. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांच्या लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन यांची तपासणीही वर्षातून एकदा व्हावी. डॉक्टरांनी स्टॅटिन सुरू केले असल्यास, डायलिसिस सुरू झाले म्हणून ते परस्पर बंद करू नये.