वेगवान छोटी मोटार : गुण, दोष आणि किंमत



२०२४ सालच्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. आमचे गाव वारणाकाठी, उसाच्या पट्ट्यात. पाडव्याची जेवणे आटोपून आम्ही सोप्यात बसलो होतो. तेवढ्यात पुतण्या जवळ येऊन बसला. हा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याने फोनवरचे एक चित्र माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, "काका, ही बघा. घ्यायचा विचार आहे."

चित्रात एक नारिंगी रंगाची छोटी मोटार होती. टप आणि बॉनेट काळे, त्यावर पांढरे पट्टे. टाटांची अल्ट्रोझ रेसर. थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या दादांनी, चष्मा लावून ते चित्र पाहिले, किंमत विचारली आणि फोन परत दिला. बोलले काहीच नाहीत. त्यांच्या मनात काय होते ते मला ठाऊक होते. नदीकडच्या दोन एकरांत ठिबक करायचे होते आणि त्यासाठी मुलाच्या पगाराचा थोडा हातभार लागणार होता. मुलगा म्हणाला, "तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. तुम्हीच सांगा, घेऊ की नको?"

आता पंचाईत माझी. एकीकडे पोराची हौस, दुसरीकडे भावाचे रान. मी म्हटले, "लगेच सांगत नाही. आपण तराजू लावू." तो तराजू कसा लावला, तेच आज आपल्याला सांगणार आहे. कारण हा प्रश्न आता एकट्या आमच्या घरचा राहिलेला नाही.

प्रथम ही गाडी कोणत्या जातीची, ते पाहू. जिला मागे वेगळी डिकी नसते, मागचे दार टपापासून वर उघडते आणि सामान थेट आसनांच्या पाठीशी बसते, तिला हॅचबॅक म्हणतात. मुळात ही गरजेची गाडी. कमी जागा, कमी पेट्रोल, कमी पैसे हा तिचा धर्म. इंग्लंडात १९५९ साली अलेक इसिगोनिस यांनी 'मिनी' नावाची चिमुकली मोटार तयार केली. तिला वर उघडणारे मागचे दार नव्हते, पण इंजिन आडवे बसवून माणसांसाठी जागा काढण्याची युक्ती पुढच्या छोट्या गाड्यांनी तिच्याकडूनच उचलली. १९६१ मध्ये जॉन कूपर यांच्या हातून तिची वेगवान आवृत्ती आली, आणि १९६४, १९६५ व १९६७ साली या मिनीने माँटे कार्लोची अवघड शर्यत जिंकून भल्या मोठ्या गाड्यांना मागे टाकले. मग १९७६ मध्ये जर्मनीत फोक्सवॅगनची 'गोल्फ जीटीआय' विक्रीला आली. वजन जेमतेम ८१० किलो आणि इंजिन ११० अश्वशक्तीचे. कंपनीने पाच हजारच गाड्या करायचे योजले होते, पण मागणी लाखांवर गेली. गरजेच्या गाडीत हौसेचे इंजिन घालायचे, ही कल्पना तिथून जगभर पसरली.

आपल्याकडची रेसर हे त्याच कल्पनेचे देशी रूप. ती जून २०२४ मध्ये बाजारात आली. साध्या पेट्रोल अल्ट्रोझचे इंजिन ८८ अश्वशक्तीचे, तर हिचे १२०. गंमत अशी, की दोन्ही इंजिने बाराशे घनसेंटिमीटरच्या आतलीच. मग जादा ताकद आली कुठून? लोहाराचा भाता आपण पाहिलेला आहे. भाता मारला की कोळसा फुलतो, कारण जादा हवा मिळते. टर्बोचे काम तसेच आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहानशी पाती फिरते, ती दुसरी पाती फिरवते आणि ती इंजिनात हवा दाबून भरते. जादा हवा, म्हणून जादा पेट्रोल जळते, म्हणून जादा ताकद. शिक्षकांनी वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे. मात्र भात्याने कोळसा लवकर सरतो, हेही मुलांना सांगावे.

आता पहिले पारडे, गुणांचे. ते हलके लेखू नये. आमचा पुतण्या महिन्यातून दोनदा चाकणहून गावी येतो. वाटेत खंबाटकीचा घाट लागतो. गाडीत चार माणसे आणि सामान असले की साधे इंजिन चढावर दमते आणि वरचेवर गिअर बदलावा लागतो. टर्बोची गाडी तोच चढ सहज ओढते. दुसरे, उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे चाललेला असतो. तो ओलांडताना आपण जितके क्षण उजव्या बाजूला, तितका धोका. गाडीत ताकद असली तर ते क्षण कमी होतात. ताकद म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असे म्हणणे बरोबर नाही. शिवाय गाडी चार मीटरच्या आतली, म्हणजे आमच्या गल्लीत वळते आणि गोठ्याशेजारी मावते.

आणखी एक गुण असा, की तो पैशात मांडता येत नाही. गाडी चालवण्यात आनंद असतो. ज्याने चांगल्या खोंडांची जोडी धरून गाडी हाकली आहे, त्याला हे सांगायला नको. तरण्या माणसाने स्वतःच्या कष्टाच्या पैशातून असा आनंद मागितला तर तो गुन्हा नव्हे.

मात्र एका गोष्टीत पुष्कळांची गफलत होते. वेगवान गाडी म्हणजे मजबूत गाडी, असा समज आहे. अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले ते जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे रेसर यायच्या चार वर्षे आधी. रेसरला सहा एअरबॅगा होत्या आणि तेव्हा साध्या गाडीच्या स्वस्त आवृत्त्यांना दोनच, हा फरक खरा. पण सांगाड्याची मजबुती वेगासाठी मोजलेल्या जादा पैशातून आलेली नव्हती. ती साध्या गाडीतही होती.

दुसरे पारडे दोषांचे. पहिला दोष रस्त्याचा. गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर, म्हणजे साधारण वीतभरही नाही. महामार्गावर ती पुरते. पण पावसाळ्यानंतर ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्याला चाकोऱ्या पडतात, मध्ये उंचवटा राहतो आणि पाच माणसे बसलेली गाडी पोटाने घासते. दुसरा दोष देखभालीचा. टर्बोची पाती अतिशय वेगाने फिरते आणि फार तापते. म्हणून तिला कंपनीने सांगितलेलेच तेल लागते, तेही वेळेवर. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवणे बरे. ही शिस्त ज्याला पाळवत नाही, त्याने टर्बोच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा दोष गाडीचा नाही, आपला आहे. ताकद हाताशी असली की पाय खाली जातो. इथे थोडे गणित करू. ताशी ५० किलोमीटरने जाताना समोर काही दिसले, तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे जाते. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे १४ मीटर. एकूण २८. म्हणजे खो-खोचे एक मैदान धरा. आता वेग दुप्पट, ताशी १०० केला. भाबडा माणूस म्हणेल, दोन मैदाने लागतील. नाही. पहिल्या सेकंदात २८ मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर ५५, कारण वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. एकूण ८३ मीटर, म्हणजे खो-खोची तीन मैदाने! रात्री दिव्याचा जवळचा झोत चाळीस ते साठ मीटरच दाखवतो. आणि आपल्या रस्त्यावर मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते. टर्बोचा भाता गाडीला पळवतो, थांबवत नाही. शिक्षक मंडळींनी शाळेच्या मैदानावर फक्कीने हे अंतर आखून मुलांना चालत मोजायला लावावे. पुढे कधीतरी कुणाचा जीव वाचेल.

आता किंमत. मी पुतण्याला म्हटले, "गाडीला तीन किमती असतात. दुकानातली, रस्त्यावरची आणि घरातली." दुकानातली किंमत तेव्हा ९ लाख ४९ हजारांपासून पुढे होती. रस्त्यावरची किंमत काढायला त्यात महाराष्ट्राचा एकरकमी वाहनकर मिळवायचा. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के, म्हणजे एक लाख चार हजारांवर. मग विमा आणि नोंदणी. आकडा अकरा लाखांच्या घरात गेला.

घरातली किंमत मात्र कुणी छापत नाही. ती आपणच मांडायची. मी त्याच्या हातात कागद-पेन्सिल दिली. आठ लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षे मुदत. हप्ता महिना १६ हजार ६०० रुपये. पाच वर्षांत परतफेड सुमारे ९ लाख ९६ हजार, म्हणजे नुसते व्याज दोन लाखांच्या जवळ. महिन्याला हजार किलोमीटर धावणे आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर लिटरला चौदा किलोमीटर देणाऱ्या गाडीला ७ हजार १०० रुपये लागतात. अठरा देणाऱ्या गाडीला साडेपाच हजार. जोरात हाकण्याचा दंड महिना दीड हजार. साधी अल्ट्रोझ तेव्हा रेसरहून पावणेतीन लाखांहून अधिक स्वस्त सुरू होत होती. कागदावर हे सगळे उतरले तेव्हा पुतण्या स्वतःच म्हणाला, "काका, हे पावणेतीन लाख म्हणजे ठिबक आहे की!" दादा तरीही काही बोलले नाहीत.

त्याच्या एका मित्राचा सल्ला निराळा होता. जुनी पोलो जीटी घे, म्हणे. चाकणलाच २००९ ते २०२२ पर्यंत फोक्सवॅगनची पोलो तयार होत असे, आणि २०१३ साली आलेल्या तिच्या टर्बो पेट्रोल गाडीचे चाहते अजून पुष्कळ आहेत. चालवायला ती गोड, यात वाद नाही. पण तिचा दोन क्लचांचा स्वयंचलित गिअरबॉक्स तालुक्याच्या गॅरेजात उघडायची वस्तू नव्हे. आणि जुनी पोलो घेणाराने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१४ च्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे होते आणि दोन एअरबॅगा असलेल्या पोलोला चार. नाव एकच, गाड्या दोन! तेव्हा जुनी मोटार घेताना रंग नंतर पाहा, आधी एअरबॅगा पाहा.

पुढे एक दिवस मी सुचवले, की गाडी चालवून बघायला जाशील तेव्हा एकटा जाऊ नकोस, घरच्यांना मागे बसव. तो आईवडिलांना घेऊन कोल्हापूरला गेला. स्वतः हाकताना पोरगा हरखला होता, असे वहिनींनी सांगितले. परत आल्यावर दादांना विचारले, "कशी वाटली?" ते म्हणाले, "गाडी झकास आहे. नुसती पळायला बघते. आपल्या बांधावर ती उभी कशी राहील, एवढंच कळंना."

त्याने त्या वर्षी गाडी घेतली नाही. उन्हाळ्यात ठिबक झाले. मे २०२५ मध्ये साधी अल्ट्रोझ नव्या रूपात आली, तिलाही सहा एअरबॅगा मिळाल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला. पूर्वी शंभर रुपयांच्या मालावर उपकरासकट २९ रुपये पडत, ते १८ झाले. त्या दसऱ्याला त्याने साधी पेट्रोल गाडी घेतली, कमी कर्जावर. थांबल्याने दर वेळी असा लाभ होतो असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा थांबल्याने भाव चढतात. या वेळी योग जुळला, इतकेच.

आणि एक कबुली देतो. तो साध्या गाडीतून आला तेव्हा मला थोडे वाईटही वाटले. रान भिजलेले असते आणि कर्ज नसते, तर मीच त्याला म्हटले असते, "अरे, घे ती नारिंगी!" वेगवान गाडी वाईट नसते. ती आपल्या रस्त्याला, आपल्या शिस्तीला आणि आपल्या घराला झेपते का, एवढे घेण्यापूर्वी पाहावे. चित्र पाहून उत्तर देऊ नये. कागद घ्यावा, तीन किमती मांडाव्यात, आणि ज्यांच्या वाट्याचे पैसे त्यात जाणार आहेत, त्यांना एकदा मागच्या आसनावर बसवून आणावे.

परवा तो म्हणाला, "काका, पुढची मात्र टर्बोच." मी म्हटले, "जरूर. कागद-पेन्सिल घेऊन ये."