बाळंतपणानंतर असं ‘चालायचंच’?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘तुझ्या कामाविषयी बोल’ असं सांगितलं होतं. पण संगणकाविषयी सांगायला तुमच्या घरची मुलं पुरेशी आहेत. म्हणून आजची दहा मिनिटं मी दुसऱ्याच विषयाला देते आहे: बाळंतपण आणि फिजिओथेरपी. मित्रांनो, विषय बायकांचा म्हणून चहाला उठू नका. तुमच्या घरी आई आहे, बायको आहे, बहीण आहे.

आपल्या ग्रुपवर गडावर जायचा बेत तीनदा ठरला आणि तिन्ही वेळा काही मैत्रिणींनी ऐनवेळी माघार घेतली. कुणाचा गुडघा, कुणाच्या घरी पाहुणे. त्यातल्या एकीनं मला फोनवर खरं कारण सांगितलं. तिच्या परवानगीनं, नाव न घेता सांगते. उतरताना पाय जोरात पडला, खोकला आला, हसू आलं की तिला लघवी आवरत नाही. वाटेत बाथरूम नसतं. धाकटा मुलगा झाल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, ती दोरीच्या उड्या, गरबा, लांबचा प्रवास हे सगळं एकेक करून सोडत आली आहे.

मला हे लगेच कळलं, कारण दुसऱ्या बाळंतपणानंतर माझंही तेच झालं होतं. विचारायला गेले तेव्हा उत्तर मिळालं, ‘दोन मुलं झाल्यावर असं चालायचंच.’ पुढे एका फिजिओथेरपिस्टकडे मी चार महिने व्यायाम शिकले आणि त्रास थांबला. असा त्रास अनेकींना होतो, हे खरं आहे. बाळंतपणानंतर साधारण तीनातल्या एकीला तो होतो. पण पुष्कळ जणींना होतो म्हणून तो सोसायचाच असतो, असं मुळीच नाही.

शरीराची रचना थोडक्यात सांगते. आपल्या वेळी जीवशास्त्राचा तो धडा बहुतेक शाळांत ‘घरी वाचा’ या सदरात जायचा. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक ही झोळी तोलून धरते. गरोदरपणात तिच्यावर नऊ महिने वाढतं ओझं असतं. त्यामुळे सिझेरियन झालेल्यांनाही हा त्रास होऊ शकतो. नैसर्गिक प्रसूतीत तर ती प्रचंड ताणली जाते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली प्रसूतीचं संगणकीय प्रतिमान प्रसिद्ध केलं. त्यात या झोळीतला एक स्नायू मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जाताना दिसला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आपल्याला व्यायाम शिकवल्याशिवाय घरी सोडत नाहीत. इतक्या ताणलेल्या स्नायूसाठी मात्र कुणी काही सांगत नाही.

आपल्याकडे बाळंतिणीची काळजी घेत नाहीत असं नव्हे. सव्वा महिना विश्रांती, मालिश, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं असतं. त्या मायेबद्दल मला आदरच आहे. पण मालिशचा हात या झोळीपर्यंत पोहोचत नाही. पोट बांधल्यानं पाठीला आधार वाटतो, पण स्नायू बळकट होत नाहीत. तो बळकट होतो व्यायामानंच.

हा व्यायाम आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ साली शास्त्रीय पद्धतीनं मांडला. म्हणून त्याला केगेल म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही त्या झोळीची पी.टी. आहे: सावधान आणि विश्राम. लघवी आणि वायू एकाच वेळी रोखून धरल्यासारखे ते स्नायू आत आणि वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा आणि निदान तीन महिने, तेही जाणकाराच्या देखरेखीखाली.

देखरेख कशाला? कारण अनेकजणी वर ओढण्याऐवजी खाली जोर लावतात, श्वास कोंडतात किंवा नुसत्या मांड्या आवळतात. काहींचे स्नायू मुळात सैल नसून आखडलेले असतात. त्यांना बसताना किंवा शरीरसंबंधात वेदना होतात. त्यांनी केगेल करत राहिलं तर दुखणं वाढू शकतं. त्यांना आधी ‘विश्राम’ शिकावा लागतो. फिजिओथेरपिस्ट तपासून ठरवते की तुम्हाला कुठला हुकूम द्यायचा. आणखी एक, चालू लघवी मध्येच थांबवून हा व्यायाम रोज करू नका. त्यानं मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

आजपासून करता येईल अशी एक गोष्ट सांगते. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटताच, बादली उचलण्याआधी, ते स्नायू आवळून घ्या. सवय झाली की बराच फरक पडतो. बद्धकोष्ठता आणि जुना खोकला अंगावर काढू नका. प्रत्येक कुंथणं, प्रत्येक उबळ त्या झोळीवरच आदळते.

ज्या पुतण्या-भाच्या आता गरोदर आहेत, त्यांना हे आताच सांगा. त्रास सुरू होण्याआधी, गरोदरपणातच हा व्यायाम शिकलेल्यांना पुढे लघवी गळण्याचा धोका कमी असतो. प्रसूतीनंतर पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकलेले राहिले असतील, तर त्यावरही व्यायाम आहेत. आणि आपल्या आया? ‘अंग बाहेर येतं’ हे त्यांनी फार तर एखाद्या बहिणीला सांगितलं असेल. त्यांनाही विचारा. सुरुवातीच्या पायरीवर व्यायामाचा उपयोग होतो. पुढच्या टप्प्यावर आधाराची रिंग किंवा शस्त्रक्रिया असते. लघवीतून रक्त, जळजळ, ताप असेल तर मात्र आधी डॉक्टर.

उपचार केवळ परदेशात आहेत असं समजू नका. फ्रान्समध्ये बाळंतिणीला ही सत्रं सरकारी आरोग्य विम्यातून मिळतात हे खरं. पण भारतातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय १९५०च्या दशकात आपल्या मुंबईत, केईएम रुग्णालयात सुरू झालं. आज महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आहेत. फोन करून एवढंच विचारा, ‘पेल्व्हिक फ्लोअरची तपासणी करता का?’

२०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळते. तुमच्यापैकी जे आज साहेब आहेत, त्यांनी रजेवरून परतलेल्या मुलीला आठवड्यातला एक तास या उपचारासाठी विनातक्रार द्यावा.

आणि मैत्रिणींनो, आपण अजून पन्नाशीही गाठलेली नाही. पाळी जाताना हे स्नायू आणखी अशक्त होऊ शकतात, पण व्यायामाला ते त्या वयातही दाद देतात. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या बाकांपाशी बसणार आहे. ज्यांना विचारायचंय त्यांनी या. मोठ्यानं बोलायची गरज नाही, पण बोला.