दोराच्या जागी माणूस



ह्या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. आमचे शाळेतले शिक्षण सातवी इयत्तेत संपले. पुढचे जे काही झाले ते मुंबईच्या गोदीत, कामगार संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही आमच्या आवाक्यातला सांगितला : बोटीमागे ओढतात ती हवेची ट्यूब कशी बांधावी. त्यांना वाटले आम्ही थट्टा करतो आहोत. थट्टा नव्हती. आता मे महिना येईल, शाळा सुटतील, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्मी कुटुंबे मालवण, तारकर्ली, काशीद, गणपतीपुळे नाहीतर गोव्याला जातील. तिथे मुले त्या ट्यूबवर बसण्याचा हट्ट धरतील आणि आपण पैसे द्याल. पैसे ज्या वस्तूचे देतो ती वस्तू बांधली कशी आहे, हे ठाऊक असलेले बरे.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आत प्लॅस्टिकचा फुगा, त्यावर जाड कापडी खोळ, खोळीवर धरायला मुठी, आणि पुढे एक भक्कम पट्ट्याचा फास, ज्यात ओढायचा दोर अडकवतात. दोन माणसांची ट्यूब साधारण दीड मीटर रुंद असते. कोणी तिला बंपर म्हणतात, लांबट असली तर बनाना म्हणतात. करमणूक जुनी नाही. १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, पेपिन नावाच्या सरोवरावर, राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने पायाला फळ्या बांधून बोटीमागे पाण्यावर उभे राहून दाखविले. त्या खेळाची ही धाकटी बहीण. फळ्यांवर उभे राहायला शिकावे लागते. ट्यूबवर बसायला काहीच शिकावे लागत नाही, म्हणून ती लोकप्रिय झाली. पण जे शिकणे बसणाऱ्याने वाचविले, ते बांधणाऱ्याच्या वाट्याला आले.

ही ट्यूब दोन वेळा बांधावी लागते. एकदा पाण्यात, ओढण्यासाठी. ते सर्वांना दिसते. दुसऱ्यांदा बोटीत, एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना, आणि ते कोणी पाहत नाही. सकाळी खाडीतल्या धक्क्यावरून बोट निघते, मुखातून बाहेर पडते, पुळणीसमोर येऊन धंदा करते, संध्याकाळी परत जाते. ह्या प्रवासात फुगवलेली ट्यूब बोटीच्या मागच्या भागात पडलेली असते. वजन म्हणाल तर दहा-बारा किलो. एका माणसाने उचलावी एवढीच. म्हणून वाटते, हिला काय बांधायचे?

इथेच लोक फसतात. वस्तू हलकी आणि अंग मोठे असले की तिचा धनी वारा होतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या पटीत वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. दीड मीटरची ट्यूब वाऱ्यासमोर उभी झाली, तर ताशी वीस किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर चार किलोच्या आसपास जोर येतो, चाळीसला पंधरा किलो, आणि पन्नासला बावीस-तेवीस. आमचा हिशोब ढोबळ आहे, कोणा इंजिनिअरने दुरुस्त केला तर आनंदच होईल. आता दुपारची वेळ घ्या. खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे वाहत असतात. बोट खाडीतून पश्चिमेला बाहेर पडते आहे. तिचा वेग तीस, समोरून वारा वीस. ट्यूबला लागतो पन्नासचा वारा. दहा-बारा किलोच्या वस्तूला तेवीस किलोचा रेटा. आधी तिची एक कड उचलली जाते, कड उचलली की आणखी वारा आत शिरतो, आणि मग ती राहत नाही. अमेरिकेत तर मुद्दाम उडणाऱ्या ट्यूबा निघाल्या होत्या. बोटीमागे माणसाला घेऊन पतंगासारख्या वर जात. दोन माणसे मेली, अनेक जखमी झाली, आणि जुलै २००६ मध्ये त्या जातीच्या सुमारे एकोणीस हजार ट्यूबा परत मागवाव्या लागल्या. म्हणजे ट्यूब माणसासकट उडते, ही गोष्ट पैसे खर्चून सिद्ध झालेली आहे.

आता आपल्या किनाऱ्यावर ही ट्यूब कशी सांभाळतात? बहुतेक ठिकाणी आम्ही जे पाहिले ते असे : बोटीवरच्या पोऱ्याला सांगतात, 'बस तिच्यावर.' पोऱ्या म्हणजे सतरा-अठरा वर्षांचा, कोळ्याचा नाहीतर गाबिताचा मुलगा, कधी घाटावरून आलेला. तो पन्नास किलोचा असतो. ट्यूब दबलेली राहते, सगळे ठीक दिसते. मग एक लाट येते, बोट आदळते, तो एक वीतभर वर उडतो आणि त्या क्षणापुरते ट्यूबवर त्याचे वजन नसते. मागे चार हातांवर इंजिनाचा पंखा फिरत असतो. गोदीत आम्ही हेच पाहिले होते. ओझे हेलकावू नये म्हणून त्याला सावरणारा दोर बांधायचा असतो. तो शोधायला पाच मिनिटे लागतात, म्हणून एक माणूस हाताने ओझे आवरीत उभा राहतो. जिथे जिथे दोर नसतो तिथे माणूस लावतात. माणूस दोराहून स्वस्त पडतो, निदान तुटेपर्यंत.

एक प्रकार सांगतो. गाव आणि मालक दोघांचीही नावे घेत नाही, कारण दावा चालू आहे. तिथल्या एका पोऱ्याला ट्यूबवर बसायची भीती वाटे. त्याने आपल्या बुद्धीने ट्यूबच्या मुठीत दोरी ओवली आणि दुसरे टोक तळहाताला दोन वेढे देऊन धरले. वारा भरला, ट्यूब बाजूने गेली, आणि दोरीने उजव्या हाताची दोन बोटे नेली. आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, ट्यूब मिळाली का? ट्यूब मिळाली होती. मालकाचे म्हणणे असे, की हाताला दोरी गुंडाळायला त्याला कोणी सांगितले होते? खरे आहे, कोणीच सांगितले नव्हते. काय करावे हेही कोणी सांगितले नव्हते. कामावर अंग निकामी झाले तर भरपाई द्यावी असा कायदा ह्या देशात १९२३ साली झाला. मालकाचे वकील म्हणतात, हा नोकरच नव्हे, फेरीमागे पैसे घेणारा मदतनीस. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही. दोराच्या जागी ज्याला बसविले तो कागदावर नव्हताच.

त्यानंतर त्या किनाऱ्यावरचे चालक आणि पोरे एकत्र आली. मागण्या दोनच होत्या. प्रत्येक बोटीत ट्यूब बांधायला दोन रुंद पट्टे, आणि जागा बदलताना ट्यूबची हवा काढायला दहा मिनिटे. पट्टे आठवड्यात आले. दहा मिनिटांना मात्र मालक कबूल होईनात, कारण दहा मिनिटांत एक फेरी बसते. नाताळच्या गर्दीत एका सकाळी कोणीच बोट काढली नाही. दुपारी दहा मिनिटे मिळाली. पट्ट्याला पैसे एकदाच पडतात, वेळेला रोज पडतात, म्हणून भांडण नेहमी वेळेवरून होते.

तर बांधावी कशी? सर्वांत उत्तम म्हणजे हवा काढून, घडी करून ठेवावी. विजेच्या पंपाने पुन्हा भरायला काही मिनिटेच लागतात. जवळ जायचे असेल तर अर्धी हवा काढावी, म्हणजे अंग कमी होते आणि वारा आत शिरत नाही. पूर्ण फुगलेली न्यायचीच असेल तर ती आडवी, शक्य तितकी खाली, तोंड बंद करून ठेवावी, आणि दोन पट्टे फुलीसारखे तिच्यावरून घेऊन बोटीच्या बांध्यातल्या भक्कम कड्यांना आवळावे. मुठींना बांधू नये. त्या मुठी माणसाच्या हातासाठी शिवलेल्या असतात, वाऱ्याच्या ओढीसाठी नव्हे. मोटारसायकलवर सामान बांधायची हुकाची रबरी दोरी तर मुळीच नको. ती ताणते, ट्यूबला नाचू देते, आणि हूक सुटला तर सरळ डोळ्यावर येतो. आणखी एक बारकावा आहे. उन्हात तापलेली ट्यूब ताठ होते आणि पट्टा घट्ट वाटतो. तिच्यावर गार पाणी उडाले की ती मऊ पडते आणि तोच पट्टा सैल होतो. म्हणून निघाल्यावर थोड्या वेळाने पट्टा पुन्हा आवळावा लागतो. हे सर्व चालकाने करू नये. त्याचे डोळे पुढे हवेत. म्हणजे बोटीत दुसरा माणूस पाहिजे.

आता ओढण्याचा दोर. तो तरंगणारा असावा. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो. नायलॉनचा बुडतो, पंख्याजवळ जातो, आणि रबरासारखा ताणून तुटला तर चाबकासारखा परत येतो. लांबी पन्नास ते पासष्ट फूट. तोकडा दोर असला तर इंजिनाचे पाणी बसणाऱ्याच्या तोंडावर, फार लांब असला तर वळणावर ट्यूब गोफणीतल्या दगडासारखी बोटीपेक्षा जास्त वेगाने बाहेर फेकली जाते. दोर बोटीच्या पाठीमागच्या भिंतीतल्या कड्याला किंवा ओढण्यासाठीच बसविलेल्या खांबाला बांधावा. नांगराचा दोर गुंडाळायच्या खुंटीला बांधू नये, आणि बोटीवरच्या उंच कमानीलाही नव्हे. ती बहुधा उभ्याने घसरणाऱ्या एकट्या माणसाच्या ओढीपुरती असते. बाहेर बसविलेले इंजिन असेल, तर पतंगाला कन्नी बांधतात तसा दोन्ही बाजूंच्या कड्यांतून दुपेडी दोर घ्यावा, मधोमध तरंगता गोळा असावा, म्हणजे दोर पंख्यापासून दूर राहतो.

दोराची ताकद किती हवी? अमेरिकेतल्या ह्या धंद्याच्या संघटनेने ठरविलेले आकडे आम्ही किलोत मांडतो : एका माणसाला सुमारे ६८०, दोघांना १०७५, तिघांना १५२०, चौघांना १८६०. चार माणसांचे वजन तीनशे किलोही भरत नाही, मग अठराशे कशाला? कारण दोर वजन उचलत नाही, हिसका सोसतो. ट्यूबचे नाक लाटेत घुसले की पाणी तिला धरून ठेवते आणि बोट पुढे जात असते. शिवाय ही ताकद नव्या, अखंड दोराची. तुटलेला दोर गाठ मारून जोडला तर गाठीशी ती पुष्कळ कमी होते, कधी निम्म्यावर येते. उन्हाने तंतू वाळतात. हात फिरवला की कुसे टोचू लागतात आणि पांढरी पूड लागते. असा दोर कापून टाकावा. नुसता बाजूला ठेवला तर गर्दीच्या दिवशी तो पुन्हा बाहेर येतो.

गोदीत उचलण्याच्या साखळीवर आणि यारीवर तिचे सुरक्षित ओझे लिहिलेले असते. ते आपोआप लिहिले गेले नाही. जहाज किती भरावे ह्याची रेघ इंग्लंडात १८७६ साली कायद्यात आली, ती सॅम्युएल प्लिमसॉल ह्या गृहस्थाने पार्लमेंटात वर्षानुवर्षे भांडल्यावर. टनावरच्या गाठोड्यावर वजन लिहिलेच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे १९५१ साली झाला. वजन न लिहिलेल्या गाठोड्यांखाली माणसे चिरडली गेल्यावर तो आकडा आला. पुळणीवरच्या दोरावर आम्हांला अजून कुठे आकडा लिहिलेला आढळला नाही. नव्या दोराला कागदी चिठ्ठी असते, ती पहिल्या दिवशी वाळूत जाते. रंगाच्या पट्ट्याने दोराच्या टोकावर 'चार' किंवा 'दोन' लिहायला काय पडते? पण मग पाचवे गिऱ्हाईक नाकारावे लागते.

मागे पाहणाऱ्या माणसाविषयी. कॅलिफोर्निया राज्यात चालकाखेरीज बोटीत दुसरा, निदान बारा वर्षांचा, माणूस कायद्यानेच लागतो. त्याचे काम एकच, ट्यूबकडे पाहणे. कोणी पडला की तो ओरडतो आणि बोट थांबते. आपल्याकडे राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यात १९९० पासून आहे. बोट चालविण्याचे आणि जीव वाचविण्याचे शिक्षण तिथे मिळते. चालक तिथे जातात, निदान परवान्यासाठी. आमची मागणी अशी, की पोऱ्यालाही पाठवावे, मालकाच्या खर्चाने आणि भरपगारी. कारण गाठ तो बांधतो.

आपण किनाऱ्यावर जाल तेव्हा चार गोष्टी विचारा. ही ट्यूब किती जणांची? दोर किती जणांचा? बोटीत मागे पाहणारा कोण? मुलाच्या अंगातले जाकीट त्याच्या मापाचे आहे का? वेग मुलांसाठी ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर नको, हे आधीच सांगा. अंगठा खाली म्हणजे 'हळू', हे मुलाला शिकवून ठेवा. आणि पोऱ्या ट्यूबवर बसून येताना दिसला, तर पैसे देण्याआधी मालकाला विचारा की पट्टा कुठे आहे. आम्ही विचारले तर तो संप समजतो. गिऱ्हाइकाने विचारले तर शोधायला जातो.

व्यासपीठाच्या टेबलावर दोराचे दोन तुकडे ठेवले आहेत, एक नवा, एक दोन हंगाम वापरलेला. भाषण संपल्यावर या, हात फिरवून पाहा. जुन्याचे कुसे हातात जातात, तेव्हा लहान मुलांना जरा जपून द्या.